श्वास धरायचा की चालू ठेवायचा? मित्रांबरोबर पाण्याखाली शेवंड-मासे पकडण्यामागचं सायन्स

दक्षिण कॅलिफोर्नियात शेवंडीचा (लॉबस्टरचा) सीझन ऑक्टोबरच्या तोंडावर उघडतो आणि मार्चच्या मध्याला बंद होतो. तेवढे महिने सॅन डिएगोपासून सांता बार्बरापर्यंत रात्री टॉर्च घेऊन पाण्यात शिरणारे ग्रुप दिसतात, कारण इथली शेवंड दिवसभर खडकाच्या कपारीत दडून बसते आणि अंधार पडला की चरायला बाहेर येते. कोणी पाठीला सिलेंडर लावून जातं, कोणी नुसता दम धरून बुडी मारतं, कोणाच्या हातात मासे मारायची स्पिअरगन असते. लांबून बघितलं तर सगळे सारखेच, काळा सूट, मास्क, पायात फिन्स. पण शरीरात जे चाललेलं असतं ते सिलेंडरवाल्याचं आणि दम धरणाऱ्याचं अगदी वेगळं, आणि जो नियम एकाला वाचवतो तोच दुसऱ्याला मारू शकतो. नवीन मुलं ग्रुपमध्ये आली की हे आधी समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतोय.

सुरुवात दाबापासून करू. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा जो दाब असतो त्याला 1 धरा. पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की त्यात अजून एकाची भर पडते, म्हणजे 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3, 30 मीटरवर 4. पाणी स्वतः दबत नाही आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे त्यामुळे हातापायाला काही कळत नाही, जे दबतं ते फक्त हवेचं, म्हणजे फुप्फुसं, कान, सायनस आणि मास्कच्या आतली जागा. यात एक गोष्ट लक्षात घ्या, सगळ्यात मोठा बदल पहिल्या 10 मीटरमध्येच होतो. वरून 10 मीटरवर गेलात की दाब दुप्पट, पण 20 वरून 30 वर गेलात तर 3 चा 4 होतो, म्हणजे एक तृतीयांशच वाढला. म्हणून उथळ आहे, काय होतंय, असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते, कारण हवेचा सगळा खेळ उथळ पाण्यातच जास्त असतो. कानाचंही तेच, नाक दाबून कान मोकळे करायचे ते पहिल्याच एक-दोन मीटरपासून, दुखायच्या आधी, आणि सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही.

आता दम धरणाऱ्याचं बघू. वर छाती भरून 6 लिटर हवा घेतली तर 10 मीटरवर तिची 3 लिटर होते, 20 मीटरवर 2. वर आलं की परत 6, आणि खरं तर थोडी कमीच, कारण मधे ऑक्सिजन खर्च झालेला असतो. म्हणजे जेवढी नेली तेवढीच परत आणली, फुप्फुस फुटायचा प्रश्न नाही.

स्कूबावाल्याचं, म्हणजे सिलेंडर लावून जाणाऱ्याचं, तसं नसतं. त्याच्या तोंडातला रेग्युलेटर (1943 मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी तो आजच्या रूपात आणला) प्रत्येक श्वासाला आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, म्हणून तर 20 मीटरवर छाती पूर्ण फुगवता येते. पण त्या 6 लिटरमध्ये वरच्या हिशोबाने 18 लिटर हवा कोंबलेली आहे. ती छातीत धरून ठेवून तुम्ही वर आलात तर ती पसरणारच, तिला जागा पाहिजे. पुण्यात घेतलेलं चिप्सचं पाकीट महाबळेश्वरला पोचेपर्यंत टम्म फुगलेलं असतं ना, तेच इथे फुप्फुसाचं होतं, फक्त कितीतरी जोरात. हवेच्या पिशव्या फाटतात, बुडबुडे रक्तात शिरतात, तिथून मेंदूत जातात. आणि याला खोल पाणी लागत नाही, दीड मीटरवर छाती भरून घेऊन दम धरून वर आलेल्या माणसांनाही हे झालेलं आहे. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही, सतत सावकाश आत-बाहेर. रेग्युलेटर तोंडातून सुटला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

म्हणजे हवा कुठून आली यावर सगळं ठरतं. वरून छातीत भरून नेली असेल तर धरा, खाली सिलेंडरमधून घेतली असेल तर चुकूनही धरू नका. म्हणूनच दम धरून गेलेल्या मित्राला खाली कोणी प्रेमाने आपला रेग्युलेटर देऊ केला तर तो त्याने घ्यायचा नाही, आणि देणाऱ्यानेही द्यायचा नाही. तो खाली एक श्वास घेणार आणि सवयीने दम धरून वर सुटणार. ग्रुपमध्ये काहीजण सिलेंडरवर आणि काहीजण दमावर असले की हे आधी बोलून घ्यावं लागतं, आणि माझं मत विचाराल तर असे मिक्स ग्रुप एकाच जागी उतरूच नयेत.

सिलेंडरचा हिशोब जरा करून बघा, कारण शेवंडीच्या नादात तोच चुकतो. 11 लिटरचा सिलेंडर 200 बारला (बार हे दाबाचं माप, वर ज्याला 1 धरलं साधारण तेवढंच) भरला की त्यात 2200 लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं तर वर ती 110 मिनिटं पुरेल. पण 20 मीटरवर प्रत्येक श्वास तिप्पट भारी, म्हणजे मिनिटाला 60 लिटर. त्यात 50 बार तरी शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला उरली 1650 लिटर, साधारण 27 मिनिटं. आता तुम्ही कपारीत हात घालून शेवंडीशी झटापट करताय, धाप लागलीये, मिनिटाला 20 च्या जागी 30 लिटर जातायत, तर 18 मिनिटांत खेळ खलास. हे सगळं डोकं कपारीत असताना होतं, आणि हवा किती उरली ते दाखवणारा गेज असतो कमरेपाशी. आमच्यात रीत अशी की एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने पकडायचं. टॉर्चवाला कपारीत बघत नाही, तो पकडणाऱ्याचा गेज बघतो आणि दर थोड्या वेळाने त्याच्या खांद्याला हात लावून आकडा दाखवतो. दोघांनी दोन कपारी धरल्या की अर्ध्या मिनिटात दोघं हरवतात, रात्रीच्या पाण्यात तर नक्कीच. हरवलंच कोणी तर एक मिनिट शोधायचं, टॉर्च गोल फिरवायचा, नाही दिसला तर दोघांनीही वर यायचं, आधी ठरवल्याप्रमाणे. खाली शोधत बसायचं नाही.

मग नायट्रोजन. हवेत सुमारे 79 टक्के नायट्रोजन, शरीर तो वापरत नाही, पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत, सांध्यांत विरघळत जातो, जितकं खोल आणि जितका वेळ तितका जास्त. सावकाश वर आलात तर तसाच हळूहळू फुप्फुसातून निघून जातो, पण झपकन आलात तर त्याचे आतल्या आत बुडबुडे होतात. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये खणायला दाबलेल्या हवेच्या पेट्यांत काम करणारे मजूर बाहेर आले की सांधेदुखीने वाकायचे, त्यांच्यामुळे हा आजार नीट कळला, आणि 1908 मध्ये हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं छापली. आजचा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तोच हिशोब करतो. आपण पाळायचं ते एवढंच, मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. शेवंडीवाल्यांची खोड म्हणजे पिशवी भरली की बोटीवर टाकून यायला वर, परत खाली, मग दुसरा खडक बघायला परत वर. असं वर-खाली करणं नायट्रोजनच्या दृष्टीने फार वाईट. आणि पिशवी स्वतःला कायमची बांधायची नाही, पटकन सोडता आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा दुखतो, बोटांना मुंग्या येतात, अंगावर चट्टे येतात, फार थकल्यासारखं वाटतं आणि माणूस म्हणतो काल जास्त पोहणं झालं. बऱ्याचदा ते नायट्रोजनचेच बुडबुडे असतात. अशा वेळी घरगुती उपाय नको, वाट बघणं तर अजिबात नको, शुद्ध ऑक्सिजन लावायचा आणि इमर्जन्सीला फोन करायचा. इथे कॅटलिना बेटावर डायव्हर्ससाठी 1974 पासून दाबाचा चेंबर आहे, त्यात रुग्णाला परत दाबाखाली नेऊन हळूहळू मोकळं करतात. विमानाचंही लक्षात ठेवा, एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. सुट्टीला भारतातून आलेल्या भावाला परतीच्या आदल्या दिवशी डाइव्हिंगला नेऊ नका.

आता दम धरून भाल्याने मासे मारणाऱ्यांकडे येऊ, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण यात माणूस गेला तर आवाज न करता जातो.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. छातीत जे आचके बसायला लागतात ती त्याचीच घंटा. बुडी मारण्याआधी कोणी भराभरा वीस-तीस श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड खूप खाली जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. म्हणजे त्या माणसाने ताकद काहीच वाढवली नाही, फक्त घंटा उशिरा वाजेल अशी सोय केली. त्याला खाली मस्त वाटतं, आचके नाहीत, अजून थोडं थांबू, तो मासा जवळ येतोय.

आणि खाली त्याला खरंच मस्त वाटत असतं, कारण मेंदूला ऑक्सिजनचं प्रमाण नाही तर त्याचा दाब जाणवतो. वर हवेत 21 टक्के ऑक्सिजन, दाब 1, म्हणजे 0.21. समजा 10 मीटरवर तळाशी थांबून त्याच्या छातीत फक्त 7 टक्के उरला. तिथे दाब 2 आहे, म्हणजे 7 दुणे 14, मेंदूला 0.14 मिळतोय, अजून शुद्ध आहे. आता तो वर निघाला. वर पोचला की दाब 1, म्हणजे उरला 0.07, आणि साधारण 0.1 च्या खाली माणूस शुद्धीवर राहत नाही. वर येताना फुप्फुसातला ऑक्सिजन इतका विरळ होतो की रक्तातला उलटा फुप्फुसात खेचला जातो. म्हणून बेशुद्ध पडायची जागा तळ नाही, शेवटचे काही मीटर, किंवा डोकं पाण्याबाहेर काढून पहिला श्वास घेतल्यानंतरचे काही सेकंद. काही इशारा नाही, दुखणं नाही, धडपड नाही. पट्टीचा पोहणारा, मजबूत तरुण पोरगा, आणि तोच जास्त, कारण आचके सहन करायची त्याने सवय लावून घेतलेली असते.

आता चांगली बातमी, आणि मित्राची गरज इथेच. बेशुद्ध झाल्या झाल्या घसा बहुतेक वेळा आपोआप आवळतो, पाणी लगेच फुप्फुसात जात नाही, थोडा वेळ मिळतो. त्या वेळात कोणी त्याचं तोंड पाण्याबाहेर धरलं, मास्क काढला, गालावर थापटलं, डोळ्यांजवळ फुंकर मारली, नावाने हाक मारली, श्वास घे म्हणून ओरडलं, तर बहुतेकजण काही सेकंदांत श्वास घेतात. नाही घेतला तर तोंडाने श्वास द्यायचा. एवढंच. जो वाचतो आणि जो जातो त्यांच्यात फरक बऱ्याचदा इतकाच असतो की वर कोणीतरी बघत होतं.

म्हणून एक वर, एक खाली. दोघं एकदम बुडी मारायची नाही, कितीही मासे असले तरी. वरच्याने पाण्यात तोंड घालून खालच्याकडे बघत राहायचं, त्याच्याच खोलीपर्यंत जाता येईल इतकी वरच्याची तयारी पाहिजे, आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नाही. पाणी गढूळ असेल आणि वरून खालचा दिसत नसेल तर ती जागा त्या दिवशी तुमच्यासाठी खोल आहे, कमी खोलीवर जा. जितका वेळ खाली होता त्याच्या दुप्पट तरी वर विश्रांती. आणि शिशाचा पट्टा एका हाताने सुटेल असाच बांधायचा, वजन इतकंच की साधारण 10 मीटरच्या वर शरीर आपोआप तरंगत वर येईल, खाली बुडणार नाही.

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका पिढ्यानपिढ्या दम धरून अबालोनी (खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय) आणि शंखशिंपले काढतायत, 2016 मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांचं काम गटाने चालतं, एकटी कोणी जात नाही, आणि वर आल्यावर त्या जो शिट्टीसारखा श्वास सोडतात तो ऐकला की आजूबाजूच्या बायकांना कळतं ही वर आली. आणि ज्यांना वाटतं नायट्रोजन फक्त सिलेंडरवाल्यांना त्रास देतो त्यांच्यासाठी, पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवरचे मोतीवाले दिवसभर एकामागून एक खोल बुड्या मारून चक्कर, लकवा अशा त्रासाने आजारी पडायचे, तिथे त्याला तारावाना म्हणतात. तेव्हा दिवसभर खोल बुड्या मारत असाल तर विश्रांती लांबवा, आणि सकाळी स्कूबा केलं असेल तर त्याच दिवशी दम धरून बुड्या नकोत. करायचंच असेल तर आधी दमाचं, मग सिलेंडरचं.

स्पिअरगनबद्दल थोडक्यात. गनचं रबर पाण्यातच ओढायचं आणि पाण्यातच सोडवायचं, बोटीवर किंवा किनाऱ्यावर भरलेली गन कधीच नाही, टोक माणसाकडे कधीच नाही, सेफ्टी लावली आहे हे कारण चालणार नाही. फ्लोट आणि झेंडा सोबत, म्हणजे बोटवाल्यांना तुम्ही दिसता. मारलेला मासा कमरेला लटकवायचा नाही, फ्लोटला अडकवायचा, सी लायन आणि शार्क दोघंही त्याच्यासाठी येतात.

आणि मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, हे फार लोक विसरतात. व्हाइट सीबास हा इथला मानाचा मासा, किमान 28 इंच हवा. 21 इंचाचं पोर मास्कमधून बरोबर 28 चं दिसतं! गळाने पकडलेला छोटा मासा सोडता येतो, भाला लागलेला सोडता येत नाही. म्हणून शंका असली की सोडून द्यायचा. शेवंडीचं बरं, ती इथे डायव्हरने फक्त हाताने पकडायची, भाला नाही, हूक नाही, म्हणजे मोजून सोडता येते. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत सव्वातीन इंच, म्हणजे जेमतेम सव्वाआठ सेंटीमीटर, माणशी सात. वर आणून मोजायला परवानगी आहे, पण छोटी निघाली तर पिशवीत न टाकता लगेच पाण्यात. ती शेपटी आपटून मागे सुटते, म्हणून अलगद हात नेऊन उपयोग नाही, एकदम वरून तळाशी दाबायची, जाड ग्लोव्ह्ज घालून. मिशांना धरलंत तर मिशाच हातात राहतात.

काही ठिकाणी सिलेंडर लावून मासेमारीलाच बंदी आहे आणि त्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये स्कूबावर भाल्याने मासे मारता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये सिलेंडर लावून शेवंड चालते पण पाउआ, म्हणजे तिथली अबालोनी, ती फक्त दमावर. विचार असा की दमावरचा माणूस ठराविक खोलीपर्यंतच पोचतो, त्याखालचे जीव सुरक्षित राहून पिल्लं घालतात. उत्तर कॅलिफोर्नियातही रेड अबालोनीला हाच नियम होता. पण 2013 पासून तारामासे रोगाने मेले, मग समुद्राचं पाणी तापलं, खाणारे तारामासे नसल्यामुळे जांभळे सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) बेसुमार वाढले, त्यांनी केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, जंगलं फस्त केली आणि अबालोनी उपाशी मेली. 2018 पासून तिथे ती काढणं बंदच आहे. मला हे फार लागतं, कारण तिथल्या डायव्हर्सनी नियम पाळूनसुद्धा ते गेलं. म्हणून जे अजून आहे त्याचे नियम पाळायला कोणी कुरकुर केली की मी चिडतो. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कोकणातला माणूस सुका बांगडा खातो पण थांबतो, इथेही थांबायचं. सीझन, लायसन्स, शेवंडीचं रिपोर्ट कार्ड आणि कुठला भाग राखीव आहे, जाण्याआधी फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर त्या वर्षीचंच बघायचं, मागच्या वर्षीचं नाही. आणि खडकावरचे शिनाणे दिसले म्हणून ओरबाडून आणू नका, 1 मे ते 31 ऑक्टोबर इथे विषारी शेवाळामुळे ते खायला मनाई असते, आणि हे विष शिजवूनही जात नाही.

तारकर्लीला किंवा मालवणला स्कूबा केलंय म्हणून इथे थेट येणारे बरेच असतात. तिथे छान अनुभव मिळतो, पण टुरिस्ट म्हणून केलेल्या त्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, हवा तो बघतो, वर तो आणतो. ते ट्रेनिंग नाही. ज्याला शिकायचंय त्याला तारकर्लीतच पूर्ण कोर्स करता येतो. कॅलिफोर्नियाचं पाणी हिवाळ्यात 13-15 डिग्री, 7 मिलिमीटरचा सूट, वर केल्पचं जाळं, हे सगळं नवीन असतं, त्यामुळे कोर्स झालेल्यांनीही इथे परत दोन-चार साध्या डाइव्ह कराव्यात. दमाने मासे मारायचे असतील तर फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे दम धरून बुडी मारण्याचा, वेगळा कोर्स, त्यात बेशुद्ध मित्राला वर कसं आणायचं ते हाताने करून घेतात, आणि तो दोघांनी मिळून करा, ज्याच्याबरोबर उतरणार आहात त्याच्यासोबतच. ऑक्टोबरसाठी हे सगळं मे-जूनमध्येच उरकलं तर सुरुवातीच्या बुड्या दिवसाउजेडी, हातात पिशवी आणि गन न घेता करायला पूर्ण उन्हाळा मिळतो.